नेपाळची खुकुरी आणि ती घडविणारे विश्वकर्मे

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा मला दरवर्षी होते आणि मीही यथामती ती पाळीत आलो आहे. आजवर आपल्या लोहार समाजातील कुळे, बलुतेपद्धती, विश्वकर्म्याच्या पाच पुत्रांची परंपरा अशा घरच्याच विषयांवर लिहिले. या वर्षी वाचकांना जरा दूर, हिमालयाच्या कुशीतील नेपाळ देशात घेऊन जावे असे मनात आहे. तेथेही ऐरण आहे, भाता आहे, आणि विश्वकर्म्याचे नाव लावणारे लक्षावधी लोक आहेत. त्यांनी घडविलेले एक शस्त्र जगभर गाजले. घडविणारे मात्र कोणास ठाऊक नाहीत.

ते शस्त्र म्हणजे खुकुरी. आपल्याकडे सर्रास ‘गुरख्याची कुकरी’ असे म्हणतात. नेपाळी माणसाच्या तोंडी मात्र ‘खुकुरी’ हाच उच्चार आहे आणि तोच मी येथे ठेवीत आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. खुकुरीचे पाते सरळ नसते. मुठीपासून थोडे पुढे जाऊन ते धारेच्या अंगास वाकते, आणि वाकल्यानंतर रुंद होते. त्यामुळे सगळा भार पुढे, जेथे घाव बसावयाचा तेथे जातो. आपल्या कोयत्याचे काम ज्याने पाहिले आहे त्यास हे तत्त्व वेगळे समजावून सांगावयास नको. पाते बहुधा दहा ते बारा इंच लांब, पाठ पाव इंच किंवा त्याहूनही जाड, आणि वजन अर्ध्या किलोच्या पुढेमागे. मुठीजवळ धारेच्या बाजूस एक लहानशी खाच असते. ती कशासाठी, याविषयी ऐकावे तितके थोडे. कोणी म्हणतात ते गाईचे खूर, कोणी म्हणतात शिवाचा त्रिशूळ. कोणी सांगतात की पात्यावरून ओघळणारे रक्त मुठीपर्यंत येऊ नये म्हणून ती योजना. धार कोठे संपवावी याची खूण म्हणूनही ती उपयोगी पडते, आणि लोहाराच्या मुलास हे शेवटचे कारण अधिक पटते.

घाटावरच्या व कोकणातल्या कोयत्यांत जसा भेद असतो, तसाच तेथेही आहे. शिरू नावाच्या गवताच्या पानासारखी निमुळती ती सिरुपाते; पूर्व नेपाळातील भोजपूर भागाची जाड व रुंद पोटाची ती भोजपुरे; चांदीच्या नक्षीने मढविलेल्या म्यानाची ती कोथीमोरा, जी मानाच्या प्रसंगी भेट देतात. म्यानात मोठ्या पात्याच्या पाठीशी आणखी दोन लहान पाती असतात. एक कर्द, म्हणजे सोलण्याकापण्याची सुरी. दुसरी चकमक, तिला धार नसते, ती खुकुरीची धार सारखी करण्यास किंवा गारगोटीवर घासून ठिणगी पाडण्यास वापरतात.

येथे एक भ्रम दूर करणे अवश्य आहे. एकदा म्यानातून उपसली की रक्त चाखल्याशिवाय खुकुरी परत जात नाही, अशी एक भाकडकथा इंग्रजी पुस्तकांतून पसरली आणि आपणही ती मुलांना सांगतो. मी स्वतः वर्गात सांगितलेली आहे. वस्तुतः डोंगरी नेपाळातील घराघरांत खुकुरीने लाकडे फोडतात, बांबू चिरतात, भाजी चिरतात आणि दसऱ्यास बोकड कापतात. रोज रक्त मागणारे हत्यार स्वयंपाकघरात कसे चालेल, एवढाही विचार आम्ही शिक्षकांनी केला नाही!

आता घडणीकडे वळू. नेपाळीत लोहाराच्या कामाच्या जागेस ‘आरन’ म्हणतात. आपल्या ‘ऐरण’ शब्दाशी त्याचे साम्य पाहून कोणासही आपलेपणा वाटेल. भात्यास तेथे ‘खलाँती’ म्हणतात. पूर्वी डोंगरातल्याच खाणींचे लोखंड गाळून वापरीत. रामेछाप जिल्ह्यातील ठोसे येथील खाण त्यासाठी प्रसिद्ध होती. पुढे बाहेरचे लोखंड स्वस्त झाले आणि खाणी मागे पडल्या. हल्ली बहुतेक चांगल्या खुकुऱ्या मालमोटारींच्या जुन्या पाट्यांपासून करतात. यात कमीपणा मुळीच नाही. पाट्याचे पोलाद हे वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच बनविलेले असते. त्यात शेकडा सुमारे ०.६ कर्ब असतो, म्हणजे धार धरण्याइतका कठीणपणा आणि घाव सोसण्याइतका चिवटपणा दोन्ही. आमचे वडीलही शेवटच्या काळात मोटारीच्या पाट्यांचेच कोयते करीत. भंगारवाल्याकडे पाटा हातात घेऊन, दगडावर वाजवून, त्याचा नाद ऐकून ते पसंत-नापसंत करीत. भोजपूरचा कारागीरही यापेक्षा काही निराळे करीत असेल असे मला वाटत नाही.

पाट्याचा तुकडा कोळशात लाल करून एकजण सांडशीत धरतो आणि लहान हातोड्याने घाव कोठे हवा ते दाखवितो; समोरचे एक-दोघे घण मारतात. आधी लांबी, मग बाक, मग पोट, आणि शेवटी धारेकडचा उतार. मुठीत जाणारा शेपटीसारखा भाग निमुळता काढतात, किंवा मुठीएवढाच रुंद ठेवून त्यावर दोन्ही अंगांनी लाकूड रिवेटांनी बसवितात. निमुळत्या शेपटीची मूठ ‘लाहा’ नावाच्या राळेसारख्या चिकट द्रव्याने पक्की करतात. मूठ शिसवी लाकडाची किंवा म्हशीच्या शिंगाची. म्यान लाकडाचे, वरून चामड्याने मढविलेले. आणि ते चामड्याचे काम करणारा असतो सार्की, म्हणजे तेथला चर्मकार. हा सार्की वाचकांनी ध्यानात ठेवावा, त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

पण खरा कस लागतो तो पाणी देताना. आपल्याकडे तापलेले हत्यार पाण्यात बुडवून त्यास पाणी पाजतात. खुकुरीचा लोहार पाते सबंध बुडवीत नाही. पाते लाल झाले की ते धार वर करून धरतो आणि किटलीच्या तोटीतून बारीक धारेने पाणी फक्त धारेच्या कडेवर, पुढून मागे, मागून पुढे असे सोडीत जातो. कड एकदम निवते व काचेसारखी कठीण होते. पाठ आपल्या उष्णतेने सावकाश निवते व चिवट राहते. पोटाचा जो भाग घाव सोसणार तेथे पाणी अधिक, टोकाकडे व खाचेजवळ कमी. त्यामुळे एकाच पात्यात तीन-चार जातींचा कठीणपणा एकत्र नांदतो. पाणी थोडे उशिरा पडले तर धार मऊ राहते, अधिक पडले तर कड फुटते. हे सारे कशाने मोजतात म्हणाल, तर डोळ्याने. आरनीत मुद्दाम अंधार ठेवतात, कारण पोलादाचा रंग उजेडात कळत नाही. भरदुपारी वडील कामठ्याचे दार का लोटून घेत, हे मला लहानपणी कळत नसे.

या शस्त्राचा लेखी इतिहास फार मागे जात नाही. काठमांडूच्या राष्ट्रीय संग्रहालयात गोरखा राज्याचा संस्थापक द्रव्य शाह याची म्हणून एक खुकुरी दाखवितात. तो १५५९ मध्ये गादीवर आला. १७९३ मध्ये कर्कपॅट्रिक नावाचा इंग्रज अधिकारी नेपाळात गेला आणि त्याच्या १८११ मध्ये छापलेल्या वृत्तांतात खुकुरीचे चित्र आले. मग १८१४ चे युद्ध. डेहराडूनजवळ नालापाणीच्या टेकडीवर बलभद्र कुंवर याने सुमारे सहाशे माणसांनिशी, त्यांत बायकामुलेही होती, इंग्रजांच्या कितीतरी मोठ्या फौजेस आठवडेच्या आठवडे थोपविले. इंग्रजांचा सेनापती गिलेस्पी पहिल्याच मोठ्या हल्ल्यात ठार झाला. ज्यांच्याशी लढलो त्यांनाच नोकरीत घ्यावे, हे इंग्रजांचे धोरण आपण मराठ्यांनीही अनुभवलेले आहे. १८१५ मध्येच गुरखा पलटणी उभ्या राहिल्या, १८१६ मध्ये सुगौलीचा तह पक्का झाला, आणि त्यापुढे जेथे जेथे इंग्रज लढला तेथे तेथे खुकुरी गेली. ट्युनिसियात एप्रिल १९४३ मध्ये सुभेदार लालबहादूर थापा यांनी रात्रीच्या अंधारात अरुंद खडकाळ वाटेने चढून खुकुरीनेच शत्रूची ठाणी मोकळी केली व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. १९४७ मध्ये दहा गुरखा पलटणींपैकी सहा भारताकडे राहिल्या व चार इंग्रजांकडे गेल्या. दोन्हीकडच्या बिल्ल्यांवर खुकुरी आहे. नेपाळच्या जुन्या राजचिन्हातही २००६ पर्यंत दोन खुकुऱ्या एकमेकींस छेद देऊन उभ्या होत्या. इतकेच काय, तेथल्या एका मद्याच्या बाटलीलाही खुकुरीचेच रूप दिले आहे.

एवढा मान ज्या वस्तूस, तिच्या कर्त्यास काय मिळाले?

नेपाळात लोहारास ‘कामी’ म्हणतात. जंगबहादूर राणा १८५० मध्ये विलायतेस जाऊन आला आणि १८५४ मध्ये त्याच्या राजवटीत ‘मुलुकी ऐन’ हा कायदा झाला. त्यात सबंध देशातील जातींची उतरंड लावून दिली होती. वर जानवे घालणारे, त्यांच्याखाली मद्यपान करणारे परंतु शुद्ध गणलेले, आणि खाली ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही असे. या शेवटच्यांतही दोन वर्ग केले: एकांच्या स्पर्शाने काही बिघडत नाही, दुसऱ्यांचा स्पर्श झाल्यास अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हावे लागे. कामी या दुसऱ्या वर्गात होते. त्यांच्यासोबत सार्की, कपडे शिवणारे व वाद्ये वाजविणारे दमाई, गाणी गाणारे गाइने. शिक्षाही जात पाहून ठरत.

म्हणजे विचार करावा. शूराच्या कमरेस लोहाराने केलेली खुकुरी. तिला विटाळ नाही. देवीपुढे बळी त्याच खुकुरीने. तिला विटाळ नाही. पात्यास कोठे किती पाणी द्यावे हे सबंध देशात ज्या एकास कळते, त्याच्या हातचा पाण्याचा तांब्या मात्र चालत नाही. पलटणींतही तेच. हत्यारे दुरुस्त करण्यासाठी काही कामी बरोबर नेत, पण लढवय्या जातींची जी यादी इंग्रजांनी केली होती तीत त्यांना जागा नव्हती.

गावात त्यांचे पोट ‘बालीघरे’ पद्धतीवर चाले. बाली म्हणजे पीक. ज्यांच्या घरची अवजारे करावयाची त्या यजमानास ‘बिष्ट’ म्हणत, आणि वर्षाकाठी पिकाचा ठरलेला वाटा कामीच्या पदरात पडे. आपल्या बलुत्याचेच हे भावंड. मला आठवते, सुगी झाली की वडील पोते घेऊन खळ्यावर जात आणि मी मागे मागे. कोणी आनंदाने सूप भरून घाली, कोणी वर्षभर फाळ शेवटून घेऊनही ऐनवेळी माप आखूड करी. आखूड माप घेऊन परतताना वडील वाटेत एक शब्द बोलत नसत.

परंतु येथे प्रामाणिकपणे एक फरक नोंदविला पाहिजे. आपणास गावच्या विहिरीवर कोणी अडविले नव्हते. नेपाळातील लोहाराच्या दुःखाशी आपले दुःख एकच आहे, असे व्यासपीठावरून म्हणणे सोपे आहे. ते खरे नाही. आमच्या भात्याचे कातडे ज्याने कमावून व शिवून दिले तो ढोर आमच्या कामठ्याच्या उंबऱ्याबाहेर बसे, आणि आई त्यास पाणी वरून ओंजळीत घाली. मी ते पाहिलेले आहे. भात्यातून त्याच कातड्याचा वारा रोज आमच्या तोंडावर येई. नेपाळातही गोष्ट निराळी नाही. ज्या कामीस वरच्यांनी दूर ठेवले, तो कामी दमाई व गाइने यांच्या हातचे पाणी घेत नसे. आणि खुकुरीचे म्यान मढविणाऱ्या सार्कीशी कामीचे कोण वरचा व कोण खालचा हे वाद पिढ्यान् पिढ्या चालले. उतरंडीतील प्रत्येक मडक्यास आपल्याखाली एक मडके हवेच असते, त्याला नेपाळ काय आणि महाराष्ट्र काय.

बदल आला तो फुकट आला नाही. १९४७ मध्ये बागलुङचे भगत सर्वजित विश्वकर्मा यांनी विश्व सर्वजन संघ स्थापून या अन्यायाविरुद्ध लोकांना संघटित केले. १९५४ मध्ये पशुपतिनाथाच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून तेथील दलितांनी आंदोलन केले. आपल्या नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहास तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनाने जातवार शिक्षा गेल्या. २००६ मध्ये संसदेने देश अस्पृश्यतामुक्त झाल्याची घोषणा केली आणि २०११ मध्ये जातिभेद व अस्पृश्यता हा दंडनीय गुन्हा ठरविणारा स्वतंत्र कायदा झाला. पुष्कळ कामी आता ‘विश्वकर्मा’ असे आडनाव लावतात, आणि थोडक्यात ‘वि. क.’ लिहितात. २०११ च्या जनगणनेत कामींची संख्या सुमारे साडेबारा लक्ष होती. तरीही मे २०२० मध्ये पश्चिम रुकुम जिल्ह्यात एका दलित तरुणाने वरच्या मानलेल्या जातीच्या मुलीवर प्रेम केले म्हणून जमावाने त्यास व त्याच्या सोबत्यांस गाठले. सहा तरुणांचे प्राण गेले. प्रेते भेरी नदीत सापडली. तो तरुण विश्वकर्माच होता.

आता मला माझी स्वतःची एक चूक सांगावयाची आहे. आमच्या वसाहतीत अनेक वर्षे एक नेपाळी गृहस्थ रात्रीचा पहारा करीत. सगळे त्यांना ‘बहादूर’ म्हणत. त्यांचे नाव बहादूर नव्हते. एकदा टपालाच्या पाकिटावर नावापुढे ‘बी. के.’ अशी अक्षरे पाहून मी अर्थ विचारला. ते आधी बोलेनात. मी लोहाराचा मुलगा आहे असे सांगितले, तेव्हा हळू आवाजात म्हणाले, “मास्तरजी, विश्वकर्मा.” त्यांच्या वडिलांची पूर्व नेपाळात आरन होती. त्या दिवसापासून आमचा स्नेह जडला. मुठीचे, पाण्याचे, कोळशाचे जे वर लिहिले त्यातले पुष्कळसे प्रथम त्यांच्याकडूनच ऐकले. रजेवरून परत येताना त्यांनी मला वडिलांच्या हातची एक खुकुरी आणून दिली. पैसे घेईनात.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात वसाहतीतील कष्टकऱ्यांचा सत्कार होता. मी उत्साहाने बोलावयास उभा राहिलो आणि सांगून टाकले, “हे नुसते पहारेकरी नाहीत, हे आमचेच भाऊबंद, विश्वकर्म्याचे वंशज, नेपाळातील लोहार आहेत.” टाळ्या पडल्या. समोर आजूबाजूच्या इमारतींचे पाच-सहा नेपाळी पहारेकरी बसले होते. ते टाळ्या वाजवीत होते की नाही, हे मी पाहिले नाही. पंधरा दिवसांनी कळले की त्या सर्वांची एकच खोली होती, एकच चूल, एकच पाण्याचा माठ. आणि या गृहस्थांनी इतकी वर्षे आपण क्षेत्री असल्याचे सांगून तेथे दिवस काढले होते. त्यांना कोणी मारले नाही, शिवीही दिली नाही. माठ तेवढा निराळा ठेवला. ते खोली सोडून गेटाजवळच्या लहानशा चौकीत राहू लागले. मी क्षमा मागावयास गेलो तेव्हा म्हणाले, “आपने तो इज्जत दी, मास्तरजी.” पुढच्या दिवाळीपूर्वी ते काम सोडून गावी परतले.

नेपाळातील आरनी आता कमी होत आहेत असे तेच सांगत. गावचे जंगल वनसमित्यांच्या ताब्यात गेल्यापासून कोळसा पाडणे अवघड झाले. समितीत लोहाराचे ऐकणारे थोडे. कारखान्यांचे स्वस्त पाते बाजारात आले. मुले आखाती देशांत व मलेशियात मजुरीस जातात. दुसरीकडे काठमांडू, धरान, भोजपूर येथे चांगली खुकुरी परदेशी ग्राहकांसाठी अजून हातानेच घडते, तिला किंमतही बरी येते. काही दुकानदार आता कारागिराचे नाव ग्राहकास सांगू लागले आहेत. मला ही गोष्ट पलटणींच्या बिल्ल्यांपेक्षा मोठी वाटते.

ती खुकुरी माझ्याकडे आहे. पात्याच्या कडेने, उन्हात तिरकी धरली म्हणजे, पाणी जेथवर गेले ती रेघ अजून स्पष्ट दिसते. पोटाजवळ रुंद, टोकाकडे बारीक होत गेलेली. खंडेनवमीस आपण वडिलांचा हातोडा, सांडशी व कानस पाटावर मांडतो. नेपाळातही दशैंच्या त्याच नवमीस हत्यारे पूजतात. त्या पाटावर खुकुरीही असते. गेल्या वर्षी नातवाने विचारले की म्यान कोणी केले. मला नाव ठाऊक नव्हते. मी एवढेच सांगितले की ते सार्कीने केले, आणि हळदकुंकू म्यानासही लावावयास सांगितले.